दगडावरची नावे : कोरेगावच्या जयस्तंभापासून दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकापर्यंत



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासावर एखादा लेख असावा असे ठरले, तेव्हा विषयासाठी फार काथ्याकूट करावा लागला नाही. दरवर्षी १ जानेवारीला आपल्या वस्तीतून गाड्या निघतात, भाकरी-चटणीची पुडकी बांधली जातात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळी मंडळी कोरेगावच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात. पण त्या स्तंभावर काय लिहिले आहे हे विचारले, तर दहातले आठ जण गप्प बसतात. दिल्लीचेही तसेच. सहलीला गेलेली आपली माणसे लाल किल्ला पाहतात, २६ अलीपूर रोडला बाबासाहेबांच्या परिनिर्वाणभूमीवर जातात, संध्याकाळी इंडिया गेटला फेरफटका मारतात आणि गाडी पकडतात. इंडिया गेटच्या मागेच राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, तिथे आपल्याच देशाच्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे कोरलेली आहेत, याचा पुष्कळांना पत्ताच नसतो.

म्हणून या लेखात आम्ही दगडावर कोरलेल्या नावांचा इतिहास मांडायचे ठरवले. नाव कोणाचे कोरले, कोणाचे राहिले, ते कोण सांभाळतो आणि आपण तिथे जाऊन काय करावे, एवढाच या लेखाचा विषय. वाचकहो, विषय लहान वाटला तरी तसा तो नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे धड नावानेही कोणी हाक मारली नाही, त्या समाजाला दगडावरच्या एका नावाचे मोल वेगळे सांगायला नको.

जयस्तंभ काय सांगतो

१ जानेवारी १८१८ ची लढाई आपल्याला भाषणांतून ठाऊक आहे. तरी थोडक्यात सांगतो. पुण्यातील इंग्रज फौजेने मदत मागितल्यावरून कॅप्टन स्टॉन्टन हा शिरूरहून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणजे सुमारे ५०० पायदळ, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे गोरे गोलंदाज दोन तोफांसह होते. रात्रभर चालून सकाळी भीमेच्या काठी येतात तो समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज. पेशव्यांकडे वीस हजारांहून अधिक सैन्य होते, मात्र प्रत्यक्ष गावावर चालून आले ते त्यातले काही हजारच. दिवसभर अन्नपाण्यावाचून गल्लीबोळांतून झुंज झाली. कंपनीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पावणेतीनशे माणूस कामी आले. पण गाव सुटले नाही आणि रात्री पेशव्यांचे सैन्य मागे हटले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ही लढाई ईस्ट इंडिया कंपनीची होती आणि स्तंभही कंपनीने आपल्या फौजेच्या अभिमानासाठी उभारला. दोन्ही बाजूंना अनेक जातीधर्मांचे लोक होते. पेशव्यांकडून अरब लढले, कंपनीकडून महार, मराठा, राजपूत, मुसलमान असे सगळे लढले. हे लपवायचे कारण नाही. इतिहास जसा आहे तसाच सांगितला तर कोणी आपल्याला खोटे पाडू शकत नाही.

मग आपला अभिमान कशाचा? तर त्या दगडावर कोरलेल्या नावांचा. स्तंभाचा पाया २६ मार्च १८२१ रोजी घातला गेला. त्यावर इंग्रजी आणि मराठी असे दोन्ही लेख आहेत आणि कामी आलेल्यांची ४९ नावे आहेत. त्यांतली २२ नावे ‘नाक’ या शब्दाने संपतात. त्या काळी महार पुरुषाच्या नावापुढे ‘नाक’ लावीत. म्हणजे ज्या काळात गावात या माणसांची सावलीसुद्धा चालत नव्हती, त्याच काळात त्यांची नावे इतर शिपायांच्या रांगेत, एकाच दगडावर कोरली गेली. कंपनीच्या मनात समता होती असे मुळीच नाही. पण मेलेल्या शिपायांची यादी करताना तिने ‘नाक’वाल्यांची वेगळी यादी केली नाही. एवढी साधी गोष्ट, पण पुढे तिचे मोठे काम झाले.

दार बंद झाले, त्याची गोष्ट

कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई पुष्कळ होते. छावणीत शिपायांच्या मुलामुलींना शाळा होती. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ याच छावणीतले, लष्करी शाळेत शिकवणारे. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या छावणीतच. शिक्षणाची पहिली पायरी आपल्या लोकांना गावाने दाखवली नाही, ती पलटणीने दाखवली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पण १८९० च्या दशकात सरकारने ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ अशी फूट पाडून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी कोरेगाव राखले, ते एका हुकमाने ‘बिनलढाऊ’ ठरले! कोकणातले निवृत्त लष्करी शिक्षक गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज धाडला. या अर्जांत मोठा पुरावा होता तो महारांच्या जुन्या लष्करी चाकरीचा. कोरेगावचा स्तंभ त्या पुराव्याचा साक्षीदार होऊन उभा होता. हेच कांबळे पुढे कोरेगावला सभा भरवीत. आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तिथे गेले. आज लाखो लोक जातात, त्या वाटेची सुरुवात ही अशी आहे.

पहिल्या महायुद्धात माणसांची निकड लागली तेव्हा १९१७ साली ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, आणि १९२१ पर्यंत ती मोडून टाकली गेली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी सरकारपुढे हा प्रश्न पुन्हा नेटाने मांडला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी झाली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्या जागी खंजीर आला. स्वातंत्र्यानंतर ही रेजिमेंट कोणा एका जातीची राहिली नाही. आज तिच्यात देशभरचे, सर्व धर्मांचे जवान असतात आणि तिचे केंद्र मध्य प्रदेशातल्या सागर येथे आहे. देशाचे दोन लष्करप्रमुख, जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी, याच रेजिमेंटचे.

नाव की आकडा?

आता जरा देशाबाहेर जाऊ. पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणूस समुद्रापार गेला आणि सत्तर हजारांहून अधिक मेले. मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळण्यासाठी १९१७ साली इंग्लंडात एक आयोग स्थापन झाला. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणतात. त्याचे तत्त्व फार चांगले होते. प्रत्येक मृताचे नाव कोरायचे. साहेब आणि शिपाई, श्रीमंत आणि गरीब, गोरा आणि काळा असा भेद करायचा नाही. कबरीचे दगड सर्वांचे सारखे. आपल्याकडे पुण्यात खडकीला या आयोगाची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक कबरी तिथे एका रांगेत, एका मापाच्या दगडांखाली आहेत. कोरेगावला जाता-येता वेळ काढून ती जरूर पाहावी. गवत कापलेले, दगड पुसलेले, आवाज नाही. सांभाळणे म्हणजे काय, ते तिथे कळते.

पण तत्त्व कागदावर असते आणि माणूस जागेवर असतो. फ्रान्समध्ये नव शापेल येथे १९२७ साली भारतीयांचे स्मारक झाले, त्यावर ४,७०० हून अधिक नावे आहेत. तिथे तत्त्व पाळले गेले. परंतु इराकमध्ये बसरा येथे १९२९ साली जे स्मारक झाले, तिथे अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीनिहाय नुसता आकडा घातला. अमुक पलटण, इतके मेले, बस्स. माणूस गेला, त्याचे नावही गेले. युरोपात लोक पाहतील म्हणून नावे, आणि वाळवंटात कोण पाहतो म्हणून आकडा, असाच याचा अर्थ आपल्यासारख्याने घ्यावा.

ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षे तशीच चालली. २०२१ साली त्या आयोगाने स्वतःच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. आफ्रिकी, भारतीय आणि इतर वसाहतींतल्या हजारो मृतांना समान वागणूक दिली गेली नाही, एक लाखाहून अधिक लोकांचे तर नावच कुठे कोरले गेले नाही, आणि यामागे त्या काळचा वंशभेद होता, असे त्यात मान्य केले व जाहीर माफी मागितली. चूक झाली तर ती शंभर वर्षांनीही कबूल करावी लागते, हा धडा यातून घेण्यासारखा आहे. आणि दुसरा धडा असा, की समतेचे तत्त्व भिंतीवर लिहून भागत नाही. यादी करणाऱ्या कारकुनाच्या हातापर्यंत ते पोचावे लागते.

इंडिया गेट आणि ज्योत

दिल्लीचे इंडिया गेट हे याच महायुद्धाचे स्मारक. १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट याने त्याचा पाया घातला, लुट्येन्सने आराखडा केला आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय आयर्विन याने उद्घाटन केले. उंची ४२ मीटर. मेले सत्तर हजारांवर, पण भिंतीवर नावे आहेत ती तेरा हजारांवर, आणि त्यांत मुख्यतः वायव्य सरहद्दीवर व १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. म्हणजे इथेही सर्वांना जागा नाही.

देश स्वतंत्र झाला. १९४७-४८ ला काश्मीर, १९६१ ला गोवा, १९६२ ला चीन, १९६५ ला पाकिस्तान, १९७१ ला बांगलादेश अशी युद्धे झाली. १९७१ च्या विजयानंतर इंडिया गेटच्या कमानीखाली काळ्या चौथऱ्यावर उलटी रायफल, तिच्यावर शिरस्त्राण आणि अखंड तेवणाऱ्या ज्योती असे अमर जवान ज्योतीचे स्मारक झाले. २६ जानेवारी १९७२ रोजी इंदिरा गांधींनी तिथे पहिली मानवंदना दिली. पुढची ४७ वर्षे प्रजासत्ताक दिनाला पंतप्रधान तिथेच पुष्पचक्र वाहत.

पण त्या ज्योतीपाशी नाव कोणाचेच नव्हते. डोक्यावरच्या कमानीवर नावे इंग्रजांच्या काळातली आणि खाली ज्योत स्वतंत्र भारताच्या बेनाम जवानासाठी, अशी ती स्थिती. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या जवानांची सगळी नावे एका ठिकाणी वाचता यावीत अशी राष्ट्राची जागा सत्तर वर्षे नव्हती. गावोगावच्या छावण्यांत आणि पलटणींच्या केंद्रांत लहान स्मारके होती. पुण्याला घोरपडी भागात १९९८ साली युद्ध स्मारक उभे राहिले ते तर नागरिकांच्या वर्गणीतून. विहार कसा उभा राहतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वर्गणीतून उभ्या राहिलेल्या वास्तूचे कौतुक वेगळेच वाटेल.

दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक

राष्ट्रीय स्मारकाची मागणी जुनी, १९६० च्या आसपासची. केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये. आराखड्यासाठी जगभरातून स्पर्धा घेतली आणि चेन्नईचे वास्तुशिल्पी योगेश चंद्रहासन यांचा आराखडा निवडला गेला. इंडिया गेटच्या परिसरात सुमारे ४० एकर जागेवर, १७६ कोटी रुपये खर्चून ते उभे राहिले आणि २५ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. २०२० पासून प्रजासत्ताक दिनाची मानवंदना तिथेच होते. २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटची ज्योत नेऊन इथल्या ज्योतीत मिळवण्यात आली. त्या वेळी काही माजी सैनिकांना ते पटले नाही, काहींना पटले. दोन्ही मते देशाने ऐकली.

स्मारकाची रचना चार चक्रांची आहे. अगदी मधोमध अमर चक्र. तिथे साडेपंधरा मीटर उंचीचा स्तंभ आणि त्याच्या पायाशी अखंड ज्योत. भोवती वीरता चक्र. तिथे तिथवाल, रेझांग ला, लोंगेवाला, गंगासागर या लढायांची आणि सियाचीनचे ‘मेघदूत’, नौदलाचे ‘ट्रायडेंट’ या मोहिमांची अशी सहा ब्राँझची शिल्पे. त्याच्या बाहेर त्याग चक्र. चक्रव्यूहासारख्या वळत जाणाऱ्या ग्रॅनाइटच्या भिंती आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत नावे. आणि सर्वांत बाहेर रक्षक चक्र. तिथे भिंत नाही, झाडांच्या रांगा आहेत. उभे झाड म्हणजे पहाऱ्यावरचा जवान, अशी कल्पना.

आपल्यासारख्यांनी जास्त वेळ थांबावे ते त्याग चक्रात. उद्घाटनाच्या वेळी तिथे २५,९४२ नावे होती. प्रत्येक जवानाला ग्रॅनाइटची एक-एक पाटी. त्यावर नाव, हुद्दा, पलटण. जात नाही, धर्म नाही, गावकुसाच्या आतले की बाहेरचे हे नाही. अधिकाऱ्याच्या पाटीला आणि शिपायाच्या पाटीला माप एकच. बसऱ्याच्या स्मारकावर ज्या शिपायाचा आकडा झाला, त्याचा नातू-पणतू इथे नावाने उभा आहे. एका अर्थी कोरेगावच्या दगडाने जी गोष्ट नकळत केली, ती इथे राष्ट्राने ठरवून केली.

बाजूला परम योद्धा स्थळ आहे. परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे तिथे आहेत. त्यांत मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा पुतळा शोधून पाहावा. जन्म मुंबईचा, पलटण ८ महार. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला पाडले आणि शेवटच्या श्वासापर्यंत तुकडीला हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. एक तमिळ अधिकारी, महार रेजिमेंटचा, परमुलखात देशासाठी पडतो. जातीवरून ‘बिनलढाऊ’ ठरवणाऱ्या जुन्या हुकमाला याहून चांगले उत्तर कोणते?

सांभाळणे कसे चालते

स्मारक बांधणे एकदाचे, सांभाळणे रोजचे. दिल्लीचे स्मारक संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तिन्ही दलांच्या एकत्रित मुख्यालयाकडून त्याचा कारभार चालतो. ज्योतीपाशी जवानांचा पहारा असतो आणि तो ठरलेल्या वेळी, कवायतीने बदलतो. रोज संध्याकाळी मानवंदना होते आणि त्या वेळी एखाद्या हुतात्म्याच्या घरचे माणूस, कोणाची म्हातारी आई, कोणाची पत्नी, कोणाचा मुलगा, पुष्पचक्र वाहते. रोज एक घर. नवे नाव आले की भिंतीत नवी पाटी बसते. यादी बंद झालेली नाही, हीच त्यातली दुःखाची गोष्ट आहे.

कोरेगावची व्यवस्था वेगळी. स्तंभ खरे तर नदीच्या अलीकडे, पेरणे गावाच्या हद्दीत आहे. जागेचा वाद न्यायालयात गेलेला असून अलीकडच्या वर्षांत राज्य सरकार न्यायालयाच्या परवानगीने काही दिवसांपुरती जागा ताब्यात घेते आणि जिल्हा प्रशासन सर्व सोय लावते. पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, वैद्यकीय पथके, वाहनतळापासून स्तंभापर्यंत पीएमपीएमएलच्या बसगाड्या. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, तिथे दगडफेक-जाळपोळ झाली, माणसे जखमी झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग नेमला गेला. तेव्हापासून बंदोबस्त फार वाढला. मानवंदनेला पोलिसांच्या कड्यातून जावे लागते, हे मनाला लागतेच. तरी गर्दी कमी झाली नाही, उलट वाढली. ‘यायचं नाही म्हटलं की हटकून यायचं,’ असे आपली एक म्हातारी आजी म्हणते, त्यात सगळे आले.

जायचे तर कसे जावे

दिल्लीच्या स्मारकाला तिकीट नाही, सर्वांना मोफत प्रवेश आहे. वेळ हिवाळ्या-उन्हाळ्याप्रमाणे बदलते, तेव्हा आधी चौकशी करून जावे. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास संचलनामुळे रस्ते बंद असतात, ते दिवस टाळावेत. मेट्रोने केंद्रीय सचिवालय स्थानकावर उतरून कर्तव्य पथाने पायी जाता येते, पण अंतर बरेच आहे. म्हातारी माणसे बरोबर असतील तर रिक्षा करावी. शक्यतो दुपार कलल्यावर पोचावे, म्हणजे उजेडात नावे वाचून होतात आणि संध्याकाळची मानवंदनाही मिळते. एखादे ठराविक नाव शोधायचे असेल तर तिथे संगणकाच्या पडद्यावर ते शोधण्याची सोय आहे.

आणि हे आपल्या घरच्यांना सांगतो, कोणी राग मानू नये. भिंतीपुढे पोरांना धावू देऊ नका. पोरांना एक-एक नाव मोठ्याने वाचायला लावा. मोबाइलवर फोटो काढण्याआधी दोन मिनिटे उभे राहा. कोरेगावला तर प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्रावळी स्तंभाच्या आवारात टाकून येणे म्हणजे त्या ४९ जणांचा अपमान आहे. बाबासाहेबांनी शिस्त शिकवली ती सभेपुरती नाही. रांगेत उभे राहून स्तंभापर्यंत पोचलात की डोके टेकवून लगेच सरकू नका, लेख वाचा. मराठीतला आहे, आपल्यासाठीच आहे.

बुद्धाच्या लेकरांनी युद्ध स्मारकाला का जावे?

हा प्रश्न आपल्या विहारातल्या तरुणांनी विचारला आणि तो रास्त आहे. आपण पंचशील घेतो, त्यात पहिलेच शील प्राणिमात्राची हिंसा न करण्याचे. मग रणस्तंभाला वंदन कसले?

याचे उत्तर आम्हाला सम्राट अशोकाच्या शिलालेखात सापडते. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात तो सांगतो, की दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली आणि त्याच्या कित्येक पट मेली, आणि याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. जगात जिंकलेल्या राजाने आपल्या विजयाचे दुःख दगडावर कोरल्याचे असे उदाहरण विरळा. पण त्या लेखातही मेलेल्यांचे आकडे आहेत, नावे नाहीत. शिवाय कलिंगातल्याच धौली आणि जौगड येथे हा तेरावा लेख कोरलेला नाही. ज्यांचे मेले त्यांच्या दारात तो आकडाही वाचायला मिळाला नाही.

आकडा वाचून माणूस हळहळतो, नाव वाचून थांबतो. एक लाख म्हणजे किती, हे डोक्यात मावत नाही. पण ‘अमुकचा मुलगा, वय वीस-बावीस’ एवढे कळले की युद्ध काय घेऊन जाते ते समजते. म्हणून भिंतीपुढे उभे राहणे म्हणजे युद्धाची आरती ओवाळणे नव्हे. ज्याचे आयुष्य गेले, त्याची दखल घेणे आहे. जो माणूस हजारो नावे शांतपणे वाचून बाहेर पडतो, तो उगाच ‘युद्ध करा’ म्हणून आरोळी ठोकणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

आपले काम

शेवटी एक विनंती. आपल्या वस्तीत कितीतरी घरांतून पलटणीत माणसे गेली. कोणाचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाकडे होते, कोणाचे वडील १९७१ ला होते, कोणाचा भाऊ आज सरहद्दीवर आहे. त्यांची कागदपत्रे कुठे आहेत? ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली, वाळवीच्या तोंडी! सेवापुस्तक फाटले, पदकाची फीत उंदराने खाल्ली, फोटोवरचा चेहरा पुसला, आणि पलटणीचे नाव विचारले तर ‘मिल्ट्रीत होते’ एवढेच उत्तर. दिल्लीच्या भिंतीवर लढाईत पडलेल्यांचे नाव येईल. जे लढून घरी आले, म्हातारे झाले, इथेच वारले, त्यांचे नाव कोण लिहिणार? ते आपणच लिहिले पाहिजे.

म्हणून विहारात एक जाड वही ठेवावी असे आम्ही सुचवतो. घरोघरी विचारून प्रत्येक सैनिकाचे पूर्ण नाव, गाव, पलटण, भरतीचे आणि निवृत्तीचे वर्ष, कुठे कुठे होते, एवढे त्यात उतरवावे. कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून जोडाव्यात. ज्यांच्या घरचे कोणी दोन महायुद्धांत वारले असतील, त्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधावे, ती यादी इंटरनेटवर मोफत पाहता येते. कॉलेजातली पोरे हे एका संध्याकाळी करतील. निवृत्तिवेतन वा सवलतींची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, ते कार्यालय त्याचसाठी आहे. आणि जे आजी-आजोबा अजून सांगू शकतात, त्यांच्याजवळ आजच बसावे. उद्यावर टाकू नये.

वहीत नावे लिहिताना हुद्द्याप्रमाणे वर-खाली लावू नयेत. सुभेदार असो की शिपाई, स्वयंपाकी असो की सफाईवाला, सगळे एका अक्षरात, एका ओळीत. कोरेगावच्या दगडाने २२ ‘नाक’ इतरांच्या रांगेत बसवले, दिल्लीच्या भिंतीने सर्वांना एका मापाची पाटी दिली. आपल्या वहीने त्याहून कमी करू नये.

पुढच्या वर्धापनदिनापर्यंत निदान पहिली पन्नास नावे त्या वहीत यावीत, एवढी अपेक्षा ठेवून हा लेख इथे थांबवतो.

जयभीम! जय भारत!